मुंबईचे जॅझ वादक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या हिंदी गाण्यांबद्दल बोलताना गायक, संगीतकार आणि गीतकार ही तीन नावं आपल्या तोंडावर असतात. ट्रम्पेट कोणी वाजवला, हे मात्र आपण विचारतच नाही. इथे त्या ट्रम्पेटवाल्यांबद्दल लिहिलं आहे, म्हणजे मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणाऱ्या आणि पुढे सिनेमाकडे वळलेल्या वादकांबद्दल. जॅझ म्हणजे अमेरिकेतून आलेलं, वादकाला जागेवर सुचेल तसं खुलवलं जाणारं संगीत. हे प्रश्न मला गाणीवेड्या मित्रांनी, नातेवाइकांनी आणि गोव्यातल्या ओळखीच्या लोकांनी वेळोवेळी विचारलेले आहेत.

मुंबईत खरंच जॅझ होता का? की दोन-चार हॉटेलांतली साहेबी करमणूक होती?

होता, आणि चांगला कसदार होता. 1935 साली लिऑन अ‍ॅबी नावाचे कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्या मागोमाग कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं फुंकवाद्य) वाजवणारे क्रिकेट स्मिथ, एकेकाळी अमेरिकेतले नामवंत बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन यांच्या बँडमध्ये असलेले रूडी जॅक्सन आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड अशी मंडळी मुंबईत दिसू लागली. त्याआधीही केन मॅक यांच्यासारख्या अँग्लो-इंडियन बँडवाल्यांची नृत्यसंगीताची परंपरा शहरात होतीच. पण न्यूयॉर्क-शिकागोत वाजवून आलेले वादक शेजारी बसून वाजवायला लागले, तेव्हा इथल्या पोरांना तबकडीवर न मिळणारी गोष्ट मिळाली. श्वास कुठे घ्यायचा, सूर कुठे ढकलायचा आणि कुठे मुद्दाम मागे ठेवायचा, हे समोर बघून शिकता आलं.

श्रोते श्रीमंत होते हे खरंच आहे. ताजच्या नाचघरात गिरणी कामगार जात नव्हता. मात्र व्यासपीठावरची माणसं पोटासाठी गाव सोडून आलेलीच होती. म्हणून ही गोष्ट फक्त साहेबांची म्हणून सोडून देता येत नाही.

इतके वादक गोव्याचेच कसे?

याचं उत्तर चर्चमध्ये आहे. पोर्तुगीज गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना संगीत शिकवत. शिकवणाऱ्याला ‘मेस्त’ म्हणत. आधी सोल्फेज, म्हणजे कागदावरची चिन्हं बघून सूर म्हणणं. ते घोटून झालं की मग व्हायोलिन किंवा दुसरं वाद्य. मिरवणूक, लग्न, फेस्त, अंत्ययात्रा, सगळीकडे संगीत लागायचं आणि वाजवणारे गावातलेच असायचे. त्यामुळे दहा-बारा वर्षांचा मुलगाही समोर ठेवलेला कागद बघून वाजवू शकायचा.

गावात संगीत होतं, पण पोट भरेल अशी नोकरी नव्हती. मग ब्रिटिश हिंदुस्थानातले लष्करी आणि संस्थानी बँड, मूकपटांची थिएटरं, आगबोटी आणि हॉटेलं अशी वाट धरावी लागली. त्या वाटेवरचं सगळ्यात मोठं ठिकाण मुंबई.

बाकीचेही होतेच. सॅक्सोफोनवाले रूडी कॉटन हे जन्माने पारशी, मूळ नाव कावसजी खटाव. पियानोवादक लुई बँक्स मूळचे दार्जिलिंगचे, नेपाळी कुटुंबातले, नाव डंबर बहादुर बुढाप्रीती.

ही नावं बदलायची पद्धत का होती?

बँडचं नाव पाटीवर लागायचं आणि जाहिरातीत छापायचं. समोरच्या गिऱ्हाइकाला ते उच्चारता यायला हवं, आणि त्याला अमेरिकेचा वास हवा. म्हणून आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ झाले, क्रिस्तोव्हाव परेरा ‘ख्रिस पेरी’ झाले. मला यात कमीपणा दिसत नाही. आपल्याकडे नाटकवाल्यांनी आणि सिनेमावाल्यांनी हेच केलं. अडचण एवढीच की पुढे सिनेमाच्या कामात ही घेतलेली नावंही बहुतेक वेळा छापली गेली नाहीत.

मुंबईत आल्यावर ही माणसं राहायची कुठे?

बहुतेकांचा पहिला मुक्काम कुडीत असायचा. ‘कूड’ म्हणजे कोकणीत खोली. धोबी तलाव, माझगाव भागांत गोव्याच्या एकेका गावाने आपली कूड चालवलेली असे. धोबी तलावच्या जेर महालात अशा कितीतरी कुडी आहेत. मोठी खोली, एका बाजूला वेदी, भिंतीलगत प्रत्येकाची ट्रंक, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी. भाडं नाममात्र. बोटीवरचा खलाशी, खानसामा, शिंपी आणि ट्रम्पेटवाला एकाच छपराखाली झोपायचे. कोकणातल्या माणसांच्या गिरणगावातल्या गावकीच्या खोल्या ज्यांना माहीत आहेत, त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको.

जरा विचार करा. रात्री बो टाय लावून ताजच्या झुंबराखाली वाजवायचं आणि उत्तररात्री येऊन ट्रंकेशेजारी चटई पसरायची.

हॉटेलच्या बँडमध्ये पैसा बरा मिळायचा का?

हंगामात बरा, एरवी बेभरवशाचा. कामं करारावर असत. करार संपला की दुसरं हॉटेल शोधायचं. उन्हाळ्यात साहेब लोक थंड हवेच्या ठिकाणी गेले की बँडही मसुरी, नैनितालकडे निघायचे. एकाच ठिकाणी टिकणारे कमी. मिकी कोरिया हे त्यांतले ठळक नाव. 1939 पासून पुढची जवळजवळ दोन दशकं त्यांचा बँड ताजमध्ये होता, आणि पुढे नाव काढलेल्या कितीतरी वादकांनी उमेदवारी त्यांच्याकडे केली. त्यांची मुलगी क्रिस्टीन कोरिया न्यूयॉर्कमध्ये जॅझ गायिका आहे.

दुसऱ्या महायुद्धात मागणी एकदम वाढली, कारण मुंबई-कोलकात्यात अमेरिकन आणि ब्रिटिश सैनिक भरले होते. ती भरती युद्धाबरोबर ओसरली.

टेडी वेदरफर्ड यांचं पुढे काय झालं?

हा प्रश्न विचारणारे कमी भेटतात, पण या माणसाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. व्हर्जिनियात 1903 साली जन्म. शिकागोत अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात वाजवलं, तेव्हा नामवंत ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगही तिथेच होते. 1926 मध्ये ते आशियात आले आणि इथलेच झाले. शांघाय, मग मुंबईचं ताज, मग युद्धाच्या काळात कोलकात्याचं ग्रँड हॉटेल. कोलकात्यात त्यांनी बरंच ध्वनिमुद्रणही केलं.

मायदेशी त्या वेळी काळ्या माणसाला गोऱ्यांच्या हॉटेलात मागच्या दाराने शिरावं लागे. इथेही वर्णभेद होता, गोऱ्यांपुरते राखीव क्लब होते. तरीही एका काळ्या बँडमास्टरला इथे जो मान मिळत होता, तो त्यांना घरी मिळाला नसता. एप्रिल 1945 मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याने ते गेले. वय 41. युद्ध संपायला काही महिनेच उरले होते.

चिक चॉकलेट म्हणजे नेमके कोण? ‘अलबेला’शी त्यांचा काय संबंध?

जन्म 1916, गाव गोव्याच्या बार्देशातलं हळदोणे. वाद्य ट्रम्पेट. आर्मस्ट्राँग त्यांचं दैवत. वाजवण्याची ढब, घोगऱ्या आवाजात गाणं, हातातला रुमाल हे सगळं त्यांनी तिथून उचललं होतं, म्हणून त्यांना ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणत. त्यांच्या बँडचं नाव ‘म्युझिक मेकर्स’.

नक्कल करणारे पुष्कळ असतात. चिक यांचं मोठेपण वेगळ्या जागी आहे, आणि तिथे आपली मराठी माणसं येतात. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, म्हणजे आपले अण्णा, हिंदुस्थानी चालींबरोबर पाश्चात्त्य नृत्यसंगीतही कान देऊन ऐकत होते. 1947च्या ‘शहनाई’तल्या ‘आना मेरी जान, संडे के संडे’मध्ये ते कानाला कळतं. अण्णांची चाल आणि चिक यांचा वाद्यमेळ अशी जोडी जमली. 1950च्या ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे, ओ बांके छोरे’ घ्या. मग 1951 साली भगवानदादांचा ‘अलबेला’ आला. ‘शोला जो भडके’मध्ये बाँगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन एकत्र आहेत. गणपतीत आणि वरातीत ज्या गाण्यावर आपल्या तीन पिढ्या नाचल्या, त्याच्यामागे ताजच्या नाचघरात तयार झालेले हात आहेत.

‘अलबेला’त चिक आपल्या वादकांसह पडद्यावर दिसतात. झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेली ती माणसं नट नाहीत, खरे वादक आहेत. पुढच्या वेळी सिनेमा लागला की भगवानदादांवरून नजर काढून दोन मिनिटं मागे बघा.

चिक यांनी ‘नादान’ आणि ‘रंगीन रातें’सारख्या चित्रपटांना स्वतंत्र संगीतही दिलं. मदन मोहन यांच्याबरोबरही त्यांनी काम केलं. 1967 मध्ये ते गेले, पन्नाशीच्या आसपास. त्यांची मुलगी इव्हॉन उत्तम जॅझ गायिका झाली आणि तिने सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांच्याशी लग्न केलं.

हे लोक सिनेमाकडे वळले ते आवडीने की नाइलाजाने?

दोन्ही. 1947 नंतर इंग्रज गेले, मग संस्थानिकांच्या मेजवान्या संपल्या. 1950 मध्ये मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली. ज्या हॉटेलांचा धंदा नाच आणि पेयपानावर होता, त्यांना मोठा बँड पोसणं जड जाऊ लागलं. त्याच सुमारास हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद वाढत होते आणि त्यांना कागद वाचून वाजवणारी माणसं हवी होती.

फाळणीनेही माणसं इकडे आणली. सेबॅस्टियन डिसोझा लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात बँड चालवत होते. लाहोर सुटलं, ते मुंबईला आले, ओ. पी. नय्यर यांच्याकडे काम केलं आणि पुढे शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे अरेंजर झाले. या संगीतकार जोडीच्या गाण्यांत व्हायोलिनांचा जो अख्खा जथा गायकाच्या ओळीखालून वेगळीच चाल घेऊन वाहतो, तो पुष्कळदा सेबॅस्टियन यांच्या पेन्सिलीतून उतरलेला आहे.

पण चाल तर संगीतकाराचीच ना? मग अरेंजर काय करायचा?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

संगीतकार पेटीवर चाल बसवतो. मुखडा, अंतरा, ठेका त्याच्या डोक्यात पक्का असतो. कधी मधल्या संगीताचे तुकडेही तो गुणगुणून दाखवतो. पण समोर चाळीस-पन्नास वादक बसलेत, त्यातल्या प्रत्येकाने कोणत्या क्षणी काय वाजवायचं? ते अरेंजर ठरवतो आणि स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीत, लिहितो. व्हायोलिनांना एक ओळ, चेलोला दुसरी, ट्रम्पेटला कुठे गप्प बसायचं आणि कुठे एकदम उसळायचं ते वेगळं. गायकाने ओळ सोडली की मधली पोकळी भरणारा छोटा तुकडा, गायकाच्या सुराखालून जाणारी समांतर चाल, हे सगळं तोच बघतो. मग प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा उतरवून स्टँडवर लावायचा.

त्या काळी गाणं तुकड्या-तुकड्यांत रेकॉर्ड होत नसे. गायक आणि सगळे वादक एकाच वेळी, एकाच दमात. तिसऱ्या मिनिटाला एखाद्या क्लॅरिनेटचा सूर घसरला की पुन्हा पहिल्यापासून. आता त्या क्लॅरिनेटवाल्याच्या खुर्चीत बसून बघा. सकाळी हातात पडलेला कागद, दोन-चार तालमी, ओठांवर बारीक वेताची रीड, शेजारच्या केबिनमध्ये लताबाई उभ्या, आणि आपल्या चुकीने पन्नास माणसांची मेहनत वाया जाणार. हे रोज, एकेका दिवसात दोन-दोन शिफ्टमध्ये.

याचा मोबदला शिफ्टप्रमाणे. गाणं गाजलं, वर्षानुवर्षं वाजत राहिलं, तरी वादकाला त्यातलं काही येत नसे. तबकडीवर नाव नाही, पडद्यावर बहुधा नाही. मला हा अन्याय वाटतो, आणि तो अजून भरून निघालेला नाही.

‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ हे खऱ्या माणसाचं नाव आहे म्हणतात. खरं का?

खरं. अँथनी गोन्साल्विस, जन्म 1927, गोव्यातलं माजोर्डा. व्हायोलिनवादक, अरेंजर आणि मोठे शिक्षक. त्यांच्या शिष्यांत प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’चं संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, आणि प्यारेलाल यांनी गुरूचं नाव गाण्यात घालून ऋण फेडलं.

अँथनी यांची स्वतःची धडपड मात्र नाचगाण्याची नव्हती. राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची सांगड घालायची हा त्यांचा ध्यास. 1958 मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात मोठा वाद्यवृंद उभा केला, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. पुढे ते अमेरिकेत शिकायला गेले, परतल्यावर सिनेमापासून लांब माजोर्ड्यातच राहिले. 2012 च्या जानेवारीत त्यांचं निधन झालं.

जॅझमध्ये स्फूर्तीने वाजवतात म्हणे. मग आपल्या रागसंगीताशी त्याचं जमायला हवं होतं?

जमलं, पण सहजासहजी नाही. मराठी कानाला जॅझ समजावताना मी ‘उपज’ हाच शब्द वापरतो. ठरलेलं आवर्तन फिरत राहतं आणि वादक त्यात जागेवर सुचेल ते मांडतो, हे आपल्याला नवीन नाही. फरक असा की जॅझमध्ये आवर्तनाबरोबर कॉर्डही, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गटही, बदलत जातात, आणि राग तर एका षड्जावर उभा असतो. दोन्ही सांभाळायचं म्हणजे कसरत.

गोव्यातल्या कुडचड्याचे ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड 1946 मध्ये मसुरीला रूडी कॉटन यांच्या बँडमध्ये असताना त्यांची गांधीजींशी भेट झाली. त्या भेटीनंतर जॅझ भारतीय ढंगाने वाजवायला हवा, असं त्यांच्या मनाने घेतलं. पुढे त्यांनी ‘आमचें नशीब’ आणि ‘निर्मोण’ हे कोकणी चित्रपट काढले. ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर रागांचा रियाज केला आणि लुई बँक्स यांच्याबरोबर ते रंगमंचावर आणलं. 1968 मध्ये शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही तबकडी आली. तोडी, भैरव, मालकंस असे अकरा राग आणि सतारीवर रईस खान.

आणि आपल्या अगदी जवळचं नाव म्हणजे त्रिलोक गुर्टू. बेळगावात जन्मलेल्या, ठुमरी-दादऱ्याबरोबर मराठी गाणीही गायलेल्या शोभाताई गुर्टू यांचे चिरंजीव. 1951 मध्ये मुंबईत जन्म, हातात तबला, पुढे ड्रम. जॅझ गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्याबरोबर आणि ‘ऑरेगन’ या गटात त्यांनी वाजवलं. 1988 च्या ‘उसफ्रेट’ या त्यांच्या अल्बममध्ये शोभाताईंचा आवाज आहे. आईची ठुमरी आणि मुलाचा ड्रम एकाच तबकडीवर ऐकताना माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

बायका नव्हत्या का यात?

होत्या, बहुतेक गायिका म्हणून. चर्चगेटच्या अ‍ॅस्टोरिया हॉटेलातल्या ‘व्हेनिस’ या रेस्टॉरंटमध्ये बँडप्रमुख ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना कोर्देरो यांची जोडी गाजली. त्यांचं ‘बेबदो’ हे कोकणी गाणं गोव्यात आजही लग्नाच्या मांडवात लागतं. कोलकात्यात पॅम क्रेन होत्या. आणि मुंबईच्या आशा पुथली. त्या अमेरिकेला गेल्या आणि अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या 1972 च्या ‘सायन्स फिक्शन’ या अल्बममध्ये दोन गाणी गायल्या. जॅझच्या जगात हा मान लहान नाही.

बाहेरचे मोठे लोक इथे आले होते का?

आले. पियानोवादक डेव्ह ब्रूबेक 1958 मध्ये, ड्यूक एलिंग्टन 1963 मध्ये, लुई आर्मस्ट्राँग 1964 मध्ये. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकन सरकार आपल्या कलावंतांना मुद्दाम जगभर पाठवत होतं. सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स मात्र साठच्या दशकाच्या अखेरीस स्वतःच्या ओढीने आले आणि पवईच्या आश्रमात राहिले. तेच रॉलिन्स 1978 मध्ये पहिल्या ‘जॅझ यात्रे’त वाजवायला पुन्हा आले. निरंजन झवेरी यांनी उभा केलेला हा महोत्सव धोबी तलावजवळच्या रंगभवनात उघड्यावर व्हायचा. म्हणजे कुडींपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

मग हे सगळं ओसरलं कसं?

आधी रॉक, मग डिस्को. चर्चगेटच्या रस्त्यावर ओळीने असलेली बँडवाली हॉटेलं एकेक करून गप्प झाली. सिनेमात सिंथेसायझर आला, त्यावर एक माणूस पन्नासांचं काम करू लागला. मल्टिट्रॅकमुळे, म्हणजे एकेक वाद्य वेगवेगळं रेकॉर्ड करून नंतर जोडता येऊ लागल्यामुळे, सगळ्यांनी एकत्र बसायची गरज उरली नाही. पुष्कळ जण गोव्यात परतले. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे पुढे रंगभवनही बंद पडलं.

माझ्या मुलीला जॅझ शिकायचा आहे. पोट भरेल का?

नुसत्या जॅझवर भारतात पोट भरणं अवघड, आणि चिक चॉकलेट यांच्या काळातही ते तसंच होतं. त्यांनी रात्री जॅझ आणि दिवसा सिनेमा केला. लुई बँक्स यांनी जाहिरातींचं संगीत केलं, ‘मिले सुर मेरा तुम्हारा’च्या वाद्यमेळात काम केलं आणि जॅझही सोडला नाही. आज त्यांचा मुलगा जिनो ड्रम वाजवतो. मुलीला नोटेशन पक्कं शिकवा, जमल्यास रागसंगीतही. शिकवण्या, रेकॉर्डिंग, लग्नसमारंभ यांतलं कुठलंही काम हलकं मानू नका. आणि तिने जे वाजवलं, त्यावर तिचं नाव छापलं जातंय ना, हे पहिल्या दिवसापासून बघा.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

घरात असलेल्या गाण्यापासून. ‘ईना मीना डीका’ लावा, 1957 च्या ‘आशा’तलं, संगीत अण्णांचंच. पहिल्यांदा नेहमीसारखं ऐका. दुसऱ्यांदा किशोरकुमारना बाजूला ठेवा आणि फक्त फुंकवाद्यं ऐका, ती कुठे प्रश्न विचारतात आणि कुठे उत्तर देतात ते. तिसऱ्यांदा फक्त ड्रम. मग ‘सी.आय.डी.’तलं ‘जाता कहाँ है दीवाने’, मग ‘बेबदो’, मग ‘रागा जॅझ स्टाइल’मधला एखादा ओळखीचा राग. हेडफोन लावून, शक्यतो रात्री.